शंभू मेस्त्रीचा सत्कार

शंभू मेस्त्रीचं बहारीनमध्ये एकच मागणं होतं, आपल्याकडे कुणी बघू नये.

आता हसाल तुम्ही. माणूस समुद्रापलीकडे जातो तो नाव काढायला, गावात चार लोकांनी बोट दाखवून "तो बघा" म्हणावं यासाठी. शंभूही तसाच गेला होता. सलमाबादच्या एका कॉन्ट्रॅक्टरने सुतार म्हणून व्हिसा दिला, विमानातून उतरल्या उतरल्या पासपोर्ट काढून घेतला आणि उन्हात सेंट्रिंगच्या फळ्या ठोकायला उभा केला. ज्याच्या बापाने देवळाचे खांब कोरले, तो फळ्यांना खिळे मारत बसला. बरं, तेही चाललं असतं. पण पगार म्हणाल तर 'इंशाल्ला'. या महिन्याचा पुढच्या महिन्यात, पुढच्याचा त्याच्या पुढच्यात. एक दिवस शंभूने पिशवी उचलली आणि कॅम्पच्या फाटकातून चालता झाला. कॉन्ट्रॅक्टरने पोलिसांत 'पळून गेला' म्हणून नाव दिलं. सापडला की कोठडी, तिथून थेट विमान आणि परत येण्याचं नाव नाही.

मग मुकाट्याने घरी का नाही गेला? तर गावी त्याची मुलगी होती, सत्यवती. शाळेत पहिली आलेली. मिरजेच्या नर्सिंगला लागली होती, हॉस्टेलवर राहत होती. शंभूच्या भावकीतली ती पहिली मुलगी जिला इंग्रजीतून शिकायचं होतं. तिचं पुरं होईपर्यंत शंभूला तिथे टिकायचं होतं, बाकी काही नाही. ती नर्स झाली की मग येऊ दे कुणाला यायचं ते, असं तो म्हणायचा.

त्याला आसरा दिला सनद नावाच्या गावातल्या जुबैदाने. ही विधवा बाई, वय झालेलं, तोंड फटकळ. तिच्या घरामागे खजुरीच्या चार झाडांत एक खोली होती. शंभू तिथे राहायचा, गावातल्या लोकांची दारं, पलंग, पेट्या बनवायचा. जुबैदाने त्याला नाव कधी विचारलं नाही. ती त्याला 'नज्जार' म्हणायची, म्हणजे सुतार. गावातल्या बायका आल्या की म्हणायची, "नज्जार आहे, काम करतो, खलास." पुढे कुणी विचारायची बिशाद नव्हती.

आता अशा माणसाने शुक्रवारी शहरात, अदलियाला, इंग्रजीच्या वर्गाला जावं का? मी म्हणतो, गपचूप बसावं ना घरात! पण गणपतने त्याला ओढून नेलं. गणपत त्याच्या शेजारच्या गावचा, शाळेची बस चालवायचा. म्हणाला, "अरे, मोघेबाई फुकट शिकवतत. चाय देतत, वर बिस्कुटां. आणि सगळे आपलेच." ते 'सगळे आपलेच' शंभूला पटलं. दुसरंही एक होतं. सत्यवती आता इंग्रजी पुस्तकं वाचते, आपण तिच्यासमोर अगदीच ठोंब्या ठरू नये, असं त्याला आतून वाटायचं.

लीना मोघे पुण्याची. नवरा शैलेंद्र बँकेत मोठ्या हुद्द्यावर आणि तिथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. बाई मनाने चांगली होती, उगाच खोटं कशाला बोला. ड्रायव्हर, फिटर, शिंपी, सगळ्यांना 'अहो-जाहो' करायची. तिची शिकवायची एक तऱ्हा होती. ती एकेका विषयाचे वाक्प्रचार एकत्र करून आणायची. एक शुक्रवार खाण्यापिण्याचे, एक शुक्रवार भांडणाचे. एका शुक्रवारी तिने फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे लिहिले लोकांच्या नजरेत भरण्याचे, उजवीकडे लोकांच्या नजरेआड राहण्याचे.

डावीकडे 'इन द लाइमलाइट', म्हणजे सगळा उजेड आपल्यावर. 'स्टील द शो', म्हणजे कार्यक्रम दुसऱ्याचा आणि भाव आपण खाऊन जायचा. 'ब्लो युअर ओन ट्रम्पेट', म्हणजे आपलीच टिमकी वाजवायची. यावर गणपत म्हणाला, "ह्या आमच्या गावच्या सरपंचाक चांगला येता," आणि वर्ग खो खो हसला. उजवीकडे 'लाय लो'. 'कीप युअर हेड डाउन'. 'स्टे आउट ऑफ साइट'. आणि बाईंच्या फार आवडीचा 'कीप अ लो प्रोफाइल'. बाई म्हणाल्या, "म्हणजे असं राहायचं की आपण आहोत हे कुणाच्या लक्षातही येऊ नये."

शंभूच्या अंगावर काटा आला. इंग्रजांकडे याला इतके शब्द आहेत! म्हणजे त्यांच्यातही असली माणसं असणार. त्याने उजवी बाजू सगळी पाठ केली. रंधा मारताना म्हणायचा, पाणी भरताना म्हणायचा. पुढच्या शुक्रवारी बाईंनी विचारलं तेव्हा धडाधड म्हणून दाखवली. बाई खूश. म्हणाल्या, "आता डावीकडचे सांगा, मेस्त्री." शंभूला त्यातला एकही येईना.

"हे काय, अर्धाच फळा पाठ केलात?"

"बाई, तो अर्धा माझ्या कामाचा नाही."

वर्ग सुटल्यावर बाईंनी त्याला थांबवलं. बाई हुशार, त्यांच्या डोक्यात आलंच होतं. त्यांनी इतक्या मायेने विचारलं की शंभूने सगळं सांगून टाकलं. कॉन्ट्रॅक्टर, पासपोर्ट, जुबैदा, सत्यवती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "माझ्याकडून हे कुणाला कळणार नाही. शब्द देते तुम्हाला." किती दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं शंभूला वाटलं. त्या रात्री तो गाढ झोपला.

तेच चुकलं त्याचं.

श्रावण लागला तसं मंडळात गणपतीचं सुरू झालं. दर वर्षी मोघ्यांच्या बंगल्यात गणपती बसायचा. पडदे ओढून, टाळ हळू वाजवून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास न होता. पण त्या वर्षी शैलेंद्रच्या डोक्यात काही वेगळंच शिरलं होतं. बँकेत वरची एक जागा रिकामी होणार होती. बँकेचा गोरा साहेब आणि त्याची बायको यांना 'इंडियन कल्चर' बघायचं होतं. त्यांना बोलवायचं, झकास आरास करायची, आपण किती कर्तबगार ते दाखवायचं. लीनाबाईंनी शंभूला विचारलं, "मखर कराल का हो?"

"उद्या सांगतो," म्हणून शंभू निघाला. रात्री गणपतने त्याला गळ घातली. "देवाचा काम आसा. देवाच्या कामाक नाय म्हणतलंस?"

"माका भिती वाटता रे."

"अरे मागल्या दारान जावचा, मखर ठेवचा, मागल्या दारान येवचा. कोण बघतला?"

हेही खरंच. शिवाय दोन वर्षं तो दारं आणि पेट्या करत होता, हातात कला असून ती दाखवायला जागा नव्हती. त्याने बाईंना होकार कळवला, एकाच अटीवर. नाव कुठे घ्यायचं नाही. बाई म्हणाल्या, "अहो, हे सांगायला हवं का?"

यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या गोळा करून शंभूने मखर केलं. आपल्या गावच्या देवळाच्या सभामंडपासारखे चार खांब, खांबांवर वेल, वेलीत राघू, वर कमानीला झालर. त्या राघूंच्या चोची बघून जुबैदासुद्धा दोन मिनिटं गप्प उभी राहिली, आणि ती बाई गप्प राहणं म्हणजे मोठीच गोष्ट. मग म्हणाली, "हे देतोस कशाला? इथेच ठेव." शंभू हसला. त्याला स्वतःलाच ते इतकं आवडलं होतं की भीती जरा कमी झाली होती.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोघ्यांचा हॉल माणसांनी भरला. जरीच्या साड्या, अत्तर, मोदक. शंभू स्वयंपाकघराच्या दाराशी गणपतबरोबर नारळ फोडत बसला होता. तिथून त्याला मखराची एक बाजू दिसत होती, तेवढ्यावर तो समाधानी होता. आरती झाली. गोऱ्या साहेबाची बायको मखराजवळ गेली, राघूंवरून बोट फिरवलं आणि मोठ्याने विचारलं, हे कुणी केलं?

शैलेंद्र काय म्हणू शकला नसता? 'मंडळाने केलं' म्हणाला असता. 'आमच्या मुलांनी केलं' म्हणाला असता. पण साहेबाची बायको स्वतः विचारतेय, सगळा हॉल ऐकतोय, एवढी संधी तो सोडतो होय! त्याने हात वर केला आणि इंग्रजीत जाहीर केलं, आमच्या मंडळाने एक रत्न शोधून काढलं आहे. मग मराठीत हाक मारली, "अरे शंभू! ये, ये पुढे. लाजतोस काय?"

शंभूच्या हातातला नारळ निसटला. तो उठून मागल्या दाराकडे वळला, पण दारात माणसं. "जा रे, साहेब बोलवतायत," म्हणत आपलीच माणसं त्याला प्रेमाने ढकलत होती. ढकलणाऱ्या हातांमध्ये गणपतचाही हात होता. गर्वाने फुगला होता गडी.

आता आपल्यात सत्कार कसा असतो, तुम्हाला ठाऊक आहे. नको म्हटलं की लोक म्हणतात, किती विनम्र माणूस! हात जोडून मागे सरलं की टाळ्या वाढतात. त्यातून समोर गणपती. देवाच्या दारात दिलेला नारळ माणूस परत कसा करणार? शंभूने मान हलवली, "नको, नको" म्हटलं, अगदी काकुळतीला आला. हॉलने जोरात टाळ्या वाजवल्या.

आणि शाल-श्रीफळाचं तबक घेऊन कोण आलं? लीनाबाई. म्हणजे शाल आधीच आणून ठेवलेली होती. शंभूने त्यांच्याकडे बघितलं. बाईंनी तबकाकडे बघितलं. शैलेंद्रने शाल उघडली, शंभूच्या खांद्यांवर टाकली, त्याच्या हातात नारळ कोंबला आणि त्याचा खांदा घट्ट धरून समोर वळवला. तिथे इंग्रजी पेपरचा फोटोग्राफर गुडघ्यावर बसला होता. तोही आपोआप उगवला नव्हता, त्यालाही आमंत्रण होतं.

लख्ख उजेड पडला. शंभूने डोळे मिटले, पण तोंड कुठे झाकणार? हात नारळात अडकलेले.

रविवारच्या पेपरात फोटो आला. मधोमध गणपती, एका बाजूला साहेब आणि त्याची बायको, दुसऱ्या बाजूला शैलेंद्र, आणि शैलेंद्रच्या हाताखाली शंभू. खाली नाव, अगदी आडनावासकट. ते शैलेंद्रनेच कागदावर लिहून दिलं होतं. गणपतने दोन पेपर विकत घेतले. एक शंभूला दिला आणि दुसऱ्यातला फोटो कापून त्याच दिवशी शंभूच्या गावी धाडून दिला. केवढा आनंद झाला होता त्याला.

मंगळवारी दुपारी सनदमध्ये जीप आली. जुबैदा दारात आडवी उभी राहिली. "मफी नज्जार," म्हणाली, "कुणी नाही इथे. यल्ला, चला निघा." पोलीस क्षणभर थांबलाही. पण जीपमधून सलमाबादचा फोरमन उतरला. त्याच्या हातात पेपर होता. तेवढ्यात शंभू खोलीतून बाहेर आला, कारण म्हातारीने आपल्यासाठी खोटं बोलून अडचणीत यावं हे त्याला बघवेना. फोरमनने फोटोकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

जुबैदाने तो पेपर फोरमनच्या हातातून ओढून घेतला. बराच वेळ निरखला. मग तिने फोटोतल्या शालीवर बोट ठेवून विचारलं, "हे कुणी घातलं तुझ्या अंगावर?"

"माझ्याच माणसांनी," शंभू म्हणाला.

तिने पेपर जमिनीवर टाकला आणि तोंड फिरवून घरात गेली. पोलिसाने पाच मिनिटं दिली. शंभूने हत्यारं गणपतला द्यायला सांगून पडवीत ठेवली, कपडे पिशवीत भरले. शाल न्यायची नव्हती, पण पोलिसाने खाटेवरची म्हणून तीही पिशवीत कोंबली.

कोठडीत लीनाबाई भेटायला आल्या. गणपत बरोबर होता, रडून रडून डोळे सुजलेला. बाई जाळीच्या पलीकडे उभ्या राहिल्या.

"मेस्त्री, मी त्यांना सांगितलं होतं हो."

"काय सांगितलं होतं, बाई?"

"तुमचं सगळं. म्हणजे... नवऱ्यापासून काय लपवायचं? सांभाळून घ्या म्हणूनच सांगितलं होतं. ते म्हणाले, आपल्याच माणसांत तर करतोय सत्कार, बाहेर कोण बघतंय."

शंभूला आत्तापर्यंत वाटत होतं, मोघेसाहेबाला बिचाऱ्याला ठाऊक नसेल. माणसाची ही एक खोड असते, आपल्याला बुडवणाऱ्यासाठी तो आधी आपणच सबब शोधून ठेवतो. आता तीही गेली.

"मोघेसाहेब नाही आले?"

बाई पदराशी चाळा करू लागल्या. "त्यांना यायचं होतं हो. पण पोलिसांनी बँकेत येऊन त्यांना विचारलं ना, कुणाच्या घरचा फोटो, मेस्त्री राहतात कुठे म्हणून. तर बँकेच्या साहेबांनी त्यांना सांगितलंय, सध्या जरा..." त्या अडखळल्या. मग सवयीने तोंडून निघूनच गेलं. "कीप अ लो प्रोफाइल."

शंभू हसला. गणपत सांगतो, इतका वाईट हसलेला माणूस त्याने परत बघितला नाही.

"अर्थ सांगू नका, बाई," तो म्हणाला. "हा मला येतो. तुम्हीच शिकवलात."

बाई रडायला लागल्या. शंभूने त्यांना 'रडू नका' म्हटलं नाही. त्याला राग आला होता, आणि तो राग त्याने गिळला नाही. तो म्हणाला, "माझी पोर तिकडे शिकतेय, हे ठाऊक होतं ना तुम्हाला? तबक तरी दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं होतं." आणि पाठ फिरवून भिंतीकडे जाऊन बसला.

विमानाने मुंबई, एसटीने गाव. येताना सगळा रस्ता शंभू घोकत होता, मालूला कसं सांगायचं. मालू म्हणजे त्याची बायको. तर वेशीवरच पोरं धावत आली. "मेस्त्रीनू इले! पेपरातले मेस्त्रीनू इले!" गणपतने धाडलेलं कात्रण त्याच्या आधी पोचलं होतं. ते तरुण मंडळाने काचेत बसवून वाचनालयात टांगलं होतं. गोऱ्या साहेबाच्या शेजारी आपला शंभू! सरपंच स्वतः येऊन भेटून गेला.

रात्री त्याने मालूला खरं काय ते सांगितलं. मालूने उठून दार लावून घेतलं. मग म्हणाली, "कोणाक काय सांगा नकात. सुट्टीर इलंय म्हणान सांगा. लोकां एवढी नाचतत, आता तोंड कसा दाखवतलव?"

"आणि सत्याक?"

"तिकाय नको."

सत्यवती दिवाळीच्या सुट्टीत घरी आली. हॉस्टेलचे पैसे थकले होते, म्हणून ट्रंक बरोबरच आणली होती. दर दोन दिवसांनी विचारायची, "बाबानू, मिरजेक कधी जावचा?" शंभू म्हणायचा, "जातलंस, जातलंस. माझी सुट्टी संपली की मी तिकडे आणि तू मिरजेक." सुट्टी संपली. वर्ग सुरू झाले. ती विचारतच राहिली, शंभू तेच सांगत राहिला.

मग तरुण मंडळाची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा आली, आणि मंडळाने ठरवलं की या वर्षी आखातातल्या कर्तबगार सुपुत्राचा जाहीर सत्कार करायचा. शंभू हातापाया पडला. "नको रे पोरांनू." पोरं म्हणाली, किती विनम्र माणूस! मालू दाराआडून म्हणाली, "आता नाय म्हणालात तर लोकां विचारतली, कित्याक?"

मंडपात सगळा गाव जमला. पेट्रोमॅक्सच्या उजेडात शंभूला खुर्चीवर बसवलं. नवी शाल कशाला, बहारीनचीच घाला, म्हणजे शोभेल, असं कुणीतरी सुचवलं, आणि मालूने ती पिशवीतली शाल इस्त्री करून दिली होती. सरपंचाने ती त्याच्या खांद्यावर टाकली. नारळ दिला. ओवाळायला सत्यवतीला बोलावलं. तिने बापाला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि तबक घेऊन बाजूला उभी राहिली. तिच्या तोंडावर कौतुक मावत नव्हतं.

"मेस्त्रीनू, दोन शब्द!" सरपंच म्हणाला.

मागून पोरं ओरडली, "इंग्लिशमधून! इंग्लिशमधून बोला!"

शंभू उभा राहिला. त्याला इंग्रजीत भाषण कुठलं येतंय? त्याला अर्धा फळा येत होता, तेवढाच.

"लाय लो," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या.

"कीप युअर हेड डाउन."

आणखी टाळ्या. सरपंचाने मान डोलावली, जणू काही त्याला सगळं समजलं.

"स्टे आउट ऑफ साइट," शंभू म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. लोकांना वाटलं, भारावला. "कीप अ लो प्रोफाइल." मंडप दणाणला. म्हातारी माणसंसुद्धा टाळ्या वाजवू लागली. मालू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, कारण न वाजवून कसं चालेल.

टाळ्या वाजवत नव्हती ती एकटी सत्यवती. हातात तबक होतं म्हणून नव्हे. मिरजेला तिला सगळं इंग्रजीतूनच शिकवलं होतं, आणि सबंध गावात या चार वाक्यांचा अर्थ कळणारी ती एकटीच होती. ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. मग त्या शालीकडे. निरांजन विझलं तरी तिने ते लावलं नाही.

टाळ्यांच्या गोंगाटात ती त्याच्या कानाशी आली.

"बाबानू," तिने विचारलं, "तुमका पकडल्यानी?"

शंभूने खांद्यावरची शाल नीट केली. खाली प्रसाद वाटायला सुरुवात झाली होती, पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लावत होती.

त्यानंतर सत्यवतीने मिरजेचं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ट्रंक उघडली, पांढरा गणवेश काढून आईला दिला आणि म्हणाली, याच्या उशांच्या खोळी होतील.